औषधसाहाय्यित मेदक्षपण व स्त्रियांचे मांसधातुरक्षण : बलवर्धक व्यायामाचे स्थान



स्थौल्य हा विषय आपल्याला नवा नाही. नवी आहे ती त्याची आजची चिकित्सा. आठवड्यातून एकदा पोटाच्या त्वचेखाली टोचावयाच्या पेनने दहा-पंधरा किलो वजन उतरलेल्या स्त्रिया आता केवळ पुण्या-मुंबईतच नव्हे, तर मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावातील चिकित्सालयातही येऊ लागल्या आहेत. औषध देणारे तज्ज्ञ शहरात असतात, परंतु मळमळ, मलावष्टंभ, थकवा, केस गळणे या तक्रारी घेऊन रुग्णा येते ती आपल्याकडे. म्हणून या औषधांचा मांसधातूवर होणारा परिणाम व त्यावरील उपाय यांचा अभ्यास प्रत्येक वैद्याने करणे अगत्याचे आहे.

विषयप्रवेश करण्यापूर्वी माझ्या हातून झालेली एक चूक नमूद करतो. पंचक्रोशीतील एक गृहिणी, वय ४७, वजन ८६ किलो. शहरातील तज्ज्ञांनी सुरू केलेल्या इंजेक्शनाने आठ महिन्यांत तिचे वजन ७१ किलो झाले. ती मलावष्टंभासाठी माझ्याकडे आली, तेव्हा मी तिचे मनापासून अभिनंदन केले. एवढ्यावर न थांबता रूक्ष उद्वर्तन, सायंकाळी केवळ मुगाचे कढण आणि आठवड्यातून एक उपवास अशी पुस्तीही जोडली. दीड महिन्याने ती पुन्हा आली ती जिन्याच्या कठड्याला धरत. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, वजन उतरलं, पण पायातलं बळही त्याच्याबरोबर उतरलं. खाली बसले तर कुणीतरी हात द्यावा लागतो." वजनकाट्यावर आकडा आणखी खाली आला होता. मी काटा पाहिला होता, रुग्णा पाहिली नव्हती. प्रस्तुत लेख त्या चुकीतून लिहिला आहे.

१. औषधाचे कार्य

सेमाग्लुटाइड हे औषध आपल्या आतड्यातून अन्नसेवनानंतर स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे कार्य करते. टिर्झेपॅटाइड हे त्याच्या जोडीने जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही कार्य करते. मेंदूतील क्षुधा-तृप्तीच्या केंद्रांवर परिणाम होऊन भूक मंदावते, आमाशय रिकामे होण्याचा वेग कमी होतो आणि अल्प आहारातच तृप्ती वाटते. याचा सरळ अर्थ असा, की वजन कमी होते ते मुख्यतः आहार घटल्यामुळे. शास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे औषधाने घडविलेले दीर्घकालीन लंघन होय.

भारतात सेमाग्लुटाइडची गोळी जानेवारी २०२२ मध्ये मधुमेहासाठी आली. टिर्झेपॅटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. त्यानंतर स्वदेशी कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा अशा रुग्णांची संख्या वाढणार, हे गृहीत धरून चालणे शहाणपणाचे आहे.

औषधाच्या परिणामकारकतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप-१' या परीक्षणात १९६१ व्यक्ती होत्या व त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड गटाचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. निष्क्रिय औषध घेणाऱ्या गटाचे २.४ टक्के. २०२२ च्या 'सरमाउंट-१' परीक्षणात टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के घट झाली. मधुमेह, रक्तदाब, संधिशूल व यकृतातील मेद यांनी त्रस्त रुग्णेसाठी हा लाभ थोडा नाही. तेव्हा या औषधाची निंदा करणे हा लेखाचा हेतू नाही.

२. उतरले ते काय?

वजनकाटा मेद आणि मांस यांत भेद करीत नाही. 'स्टेप-१' मधील १४० व्यक्तींची शरीरघटना डेक्सा या क्ष-किरण तपासणीने मोजली गेली. मेदाचे वस्तुमान सुमारे १९ टक्क्यांनी घटले, परंतु मेदरहित वस्तुमानही सुमारे १० टक्क्यांनी घटले. एकूण उतरलेल्या वजनाचा हिशोब केला तर त्यात मेदरहित भाग जवळजवळ ४० टक्के भरतो. 'सरमाउंट-१' मधील १६० व्यक्तींच्या अशाच तपासणीत हे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली अशी, की मेदरहित वस्तुमान म्हणजे सर्वस्वी मांसपेशी नव्हे. त्यात जलांश, यकृतादी अवयव व स्नायूंत साठविलेली शर्कराही येते. दुसरी अशी, की स्थूल शरीर वाहण्यासाठी जी अधिक मांसपेशी लागत होती, तिच्यातील काही भाग वजन उतरल्यावर कमी होणे स्वाभाविक आहे. नुसत्या आहारनियंत्रणाने वजन कमी केले तरीही साधारण चतुर्थांश घट मेदरहित भागाची असते. म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याचेही नाही. १५ किलो वजन उतरलेल्या रुग्णेत चार ते सहा किलो घट मेदेतर असू शकते. तरुण, बलवान व्यक्तीस ती पेलते. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील, मुळातच अल्पमांस स्त्रीस ती पेलेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. औषध थांबविल्यावर वजन परत येते. 'स्टेप-१' मधील ज्या व्यक्तींचा औषध थांबविल्यानंतर वर्षभर पाठपुरावा झाला, त्यांचे उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. आपल्या भागात औषध थांबण्याचे कारण बहुधा वैद्यकीय नसते. सोयाबीनला भाव मिळाला नाही, मुलाची फी भरावयाची आली, की इंजेक्शन बंद होते. परत येणारे वजन प्रामुख्याने मेदाचे असते, कारण मांस बसल्या जागी परत येत नाही. अशा एक-दोन आवर्तनांनंतर रुग्णा पूर्वीच्याच वजनाला, परंतु पूर्वीपेक्षा कमी मांसाची व अधिक दुर्बल होऊन पोहोचू शकते.

३. आपल्या स्त्रियांत धोका अधिक का?

याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर समान असलेली दोन शरीरे आतून किती भिन्न असतात, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात तर असे दिसले, की आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी असूनही त्यांच्यातील मेद तुलनेने टिकून असतो व उणीव पडते ती मांसाची. अर्थात अल्पमांसता ही आपल्याकडे अनेकींची जन्मापासूनची सोबतीण आहे.

त्यात स्त्रीत्वाची कारणे मिळतात. पुरुषापेक्षा स्त्रीचे मांसवस्तुमान मुळात कमी. रजोनिवृत्तीनंतर मांस व अस्थी या दोहोंचा क्षय वेगाने होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता होती आणि त्याच सर्वेक्षणात २३.४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या होत्या. स्थौल्य आणि धातुदौर्बल्य एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात नांदत आहेत. घरात शेवटी जेवणारी, उरलेल्या भाकरीवर ठेचा लावून उठणारी स्त्री भूक मंदावल्यावर सर्वप्रथम काय सोडते, तर वरणाची वाटी.

"आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना निराळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. निंदण, कापूस वेचणी, धुणी-भांडी हे श्रम आहेतच, पण ते दीर्घकाळ चालणारे, एकाच वाकलेल्या स्थितीतील व अल्प भाराचे आहेत. मांसवर्धनासाठी लागणारा क्रमशः वाढता भार त्यांत नाही. शिवाय जात्याची जागा पिठाच्या चक्कीने, पाटा-वरवंट्याची मिक्सरने व विहिरीची नळाने घेतली आहे. हे महागडे इंजेक्शन घेणारी स्त्री बहुधा शेतमजूर नसून दुकान, शाळा वा घर सांभाळणारी असते, हेही ध्यानात घ्यावे.

४. शास्त्रविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या, अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांनाही निंदित म्हटले आहे आणि स्थूलाच्या दोषांत दौर्बल्याची गणना केली आहे. आकाराने मोठा देह बलवान असतोच असे नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. त्याच अध्यायात प्रशस्त पुरुषाचे वर्णन करताना त्यांनी वजनाला नव्हे, तर मांसाच्या समप्रमाणाला, शरीराच्या समसंहननाला आणि इंद्रियांच्या दृढतेला महत्त्व दिले. असा देह क्षुधा, तृष्णा, शीत, उष्ण व व्यायाम सहन करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या चिकित्सेचे उद्दिष्ट हेच असावयास हवे.

बाविसाव्या, लंघनबृंहणीय अध्यायात अतिलंघनाची लक्षणे सांगितली आहेत. पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, अरुची, मनाचा संभ्रम आणि देह, अग्नी व बल यांचा नाश ही त्यांतील प्रमुख होत. इंजेक्शनाची मात्रा वाढल्यानंतर आहार अत्यल्प झालेल्या रुग्णेची तक्रार ऐकावी व ही यादी समोर ठेवावी. साम्य लगेच ध्यानात येते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात मांसक्षयाचे वर्णन करताना स्फिक्, ऊरू, वक्ष, पिंडिका, ग्रीवा आदी ठिकाणची शुष्कता व गात्रसाद सांगितला. नितंब, मांडी व पोटरी ही आज ज्या स्थानी मांसऱ्हास शोधतात तीच स्थाने होत.

व्यायामाच्या बाबतीत एक मौज आहे. चरकाचार्य दशविध लंघनात व्यायामाची गणना करतात. म्हणजे तो मेद उतरवितो. परंतु सातव्या अध्यायात त्याच व्यायामाने लाघवासह कर्मसामर्थ्य व स्थैर्य प्राप्त होते असे सांगतात आणि सुश्रुताचार्य चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामाने मांस स्थिर होते असे म्हणतात. दशविध लंघनात उपवासही आहे, परंतु मांसस्थैर्याचे हे श्रेय त्यास दिलेले नाही. मेद उतरावा पण मांस राहावे, ही दुहेरी अपेक्षा पुरविणारे लंघन म्हणजे व्यायाम. मात्र ग्रंथातील या साम्याला आधुनिक परीक्षणाचा पर्याय मानू नये. आचार्यांसमोर हे औषध नव्हते. त्यांनी दिली ती पाहण्याची दृष्टी.

त्या दृष्टीला आजच्या पुराव्याचा दुजोरा मिळतो. ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्तींवर झालेले व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले एक परीक्षण येथे महत्त्वाचे आहे. आहारनियंत्रणासोबत केवळ चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे मेदरहित वस्तुमान सुमारे ५ टक्के घटले; भार उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे केवळ २ टक्के. वजन मात्र सर्वच व्यायाम-गटांत सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. नितंबास्थीची घनताही भारव्यायामाच्या गटात अधिक टिकली. २०२१ मध्ये डेन्मार्कमधील १९५ व्यक्तींवरील परीक्षणात लिराग्लुटाइड या याच वर्गातील औषधासोबत वर्षभर व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण केवळ औषध वा केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुपटीने घटले. त्यातील व्यायाम प्रामुख्याने भाराचा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वयाविषयी शंका असेल तर १९९० चा एक छोटा अभ्यास आठवावा. त्यात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांनी आठ आठवडे भारव्यायाम केला व त्यांचे पायांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले.

५. परीक्षण

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षेत सार, संहनन, प्रमाण व व्यायामशक्ती यांचा समावेश आहे. यांतील व्यायामशक्ती कर्माने जाणावी, असा निर्देश आहे. चिकित्सालयात ती पुढीलप्रमाणे मोजता येते. यास एक खुर्ची, एक शिंप्याची टेप व सेकंदकाटा पुरेसा होतो.

(अ) उठबस चाचणी : हात छातीशी घेऊन खुर्चीवरून सलग पाच वेळा उठणे-बसणे. १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास बल कमी समजावे.

(आ) पोटरीचा घेर : सर्वांत जाड भागी मोजावा. स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास सावध व्हावे. स्थूल रुग्णेत मेदामुळे घेर फसवा असतो, म्हणून दर महिन्याची घट पाहावी.

(इ) चालण्याचा वेग : सहा मीटर अंतर नेहमीच्या चालीने सहा सेकंदांत पार व्हावे.

(ई) मुठीचे बल : यंत्र उपलब्ध असल्यास स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी बल हे दौर्बल्य समजावे.

हे निकष आशियातील तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये निश्चित केलेले आहेत. यासोबत जमिनीवरून आधाराशिवाय उठता येते का, हे अवश्य पाहावे. आपल्याकडे स्त्रीचे अर्धे व्यवहार जमिनीवर चालतात. वजनाच्या नोंदीशेजारी या नोंदी दर चार आठवड्यांनी लिहाव्यात. वजन उतरते आहे आणि उठबसीचा वेळ वाढतो आहे, असे दिसले की तो यशाचा नव्हे, धोक्याचा संकेत होय.

६. आहार

भाराशिवाय प्रथिन व्यर्थ आणि प्रथिनाशिवाय भार व्यर्थ. राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनास दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितले आहे. वजन उतरत असताना सर्वसाधारणपणे १.० ते १.२ ग्रॅम द्यावे लागते. वृक्कविकार असल्यास तज्ज्ञाच्या अनुमतीशिवाय हे प्रमाण वाढवू नये. ७० किलोच्या रुग्णेस म्हणजे दिवसाला ७० ते ८४ ग्रॅम. भूक मंदावलेली असताना हे साधणे सोपे नाही; म्हणून जेवणाचा क्रमच उलटा करावा. आधी वरण, उसळ, अंडे वा दही; नंतर भाजी; शेवटी भाकरी.

हिशोबासाठी ढोबळ प्रमाण असे : १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत वा हरभराडाळीत सुमारे २२ ग्रॅम, शेंगदाण्यात २४ ते २५ ग्रॅम, सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून अधिक, पनीरमध्ये १८ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. आपल्या शेतातले सोयाबीन पोत्यांनी बाजारात जाते आणि घरात मात्र वरण पातळ होत जाते. भाजून दळलेले सोयाबीन ज्वारीच्या पिठात दहाव्या हिश्शाने मिसळल्यास भाकरीची चव फारशी बदलत नाही. उडीद मिसळलेली कळण्याची भाकरी ही तर आपली परंपराच आहे. ज्यांना मांसाहार वर्ज्य नाही त्यांना चरकोक्त मांसरस वा अंडी सुचविण्यात संकोच नको. एकावेळी न जाणारा आहार चार भागांत द्यावा. पाणी आठवणीने प्यावयास सांगावे, कारण भुकेसोबत तहानही मंदावते.

७. व्यायामयोजना

आरंभापूर्वी रक्तदाब, हृद्रोग, मधुमेहजन्य नेत्रविकार, अंत्रवृद्धी आणि विशेषतः गर्भाशयभ्रंश व मूत्र न थांबणे यांची पृच्छा करावी. शेवटच्या दोन तक्रारी स्त्रिया विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्या असल्यास भार उचलण्यापूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

आठवड्यातून दोन दिवस, पुढे तीन. मध्ये एक दिवस विश्रांती. आधी पाच मिनिटे जागच्या जागी चालणे.

१. खुर्चीवरून उठबस. पुढे छातीशी धान्याची पिशवी धरून.
२. भिंतीला हात टेकून दंड. पुढे स्वयंपाकाच्या ओट्याला, त्यानंतर जमिनीवर गुडघे टेकून.
३. पाठ सरळ ठेवून, नितंब मागे नेत कमरेतून वाकून जमिनीवरील पिशवी उचलणे व ठेवणे.
४. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपर मागे नेत ओढणे.
५. एका पायरीवर चढणे-उतरणे, एकेका पायाने.
६. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे.
७. दोन्ही हातांत समान वजनाच्या पिशव्या घेऊन वीस पावले चालणे.

एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, पाच लिटरचा कॅन म्हणजे पाच किलो. धान्याची पिशवी किराणा दुकानातील काट्यावर मोजून घ्यावी. पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकाराची ८ ते १० आवर्तने एकदाच. नंतर दोन, महिन्यानंतर तीन वेळा. मध्ये दीड-दोन मिनिटे विसावा. शेवटची दोन आवर्तने जड वाटली पाहिजेत. सलग दोन दिवस १२ आवर्तने सहज झाली, की भार थोडा वाढवावा. श्वास रोखू नये. भार उचलताना श्वास सोडावा. मात्रा वाढविलेल्या आठवड्यात मळमळ असल्यास व्यायाम निम्मा करावा.

येथे अर्धशक्तीचा प्रश्न उपस्थित होतो. व्यायाम बलाच्या अर्ध्याने करावा व श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे, असा आचार्यांचा निर्देश आहे. भार वाढवीत नेणे याच्या विरुद्ध नाही काय? माझ्या मते नाही. अर्धे कशाचे, तर त्या व्यक्तीच्या त्या दिवशीच्या बलाचे. बल वाढले की त्याचे अर्धेही वाढते. भार वाढविला नाही तर चार महिन्यांनी रुग्णा अर्ध्याने नव्हे, पाव शक्तीने व्यायाम करीत असते. एक पेशी दमावी, पण संपूर्ण देह दमू नये; मधल्या विसाव्याचे प्रयोजन तेच. शीत ऋतू व वसंत सोडून अन्य ऋतूंत मात्रा कमी करावी, हा अष्टांगहृदयाचा संकेतही आपल्या वैशाखात पाळावा. पहाटेची वेळ साधावी व आवर्तने घटवावीत, मात्र खंड पाडू नये.

८. वैद्याने काय करू नये

या औषधावर असलेल्या रुग्णेस लंघनावर लंघन देऊ नये. रूक्ष उद्वर्तन, उपवास, लेखन द्रव्ये व तीक्ष्ण विरेचन यांचा मोह टाळावा. अतिसार व जलक्षयाने वृक्कास धोका संभवतो. आमाशय उशिरा रिकामे होत असल्याने वमन व स्नेहपान यांपासून दूर राहणे इष्ट. मलावष्टंभासाठी पाणी, शाकाहारातील तंतू व मृदू अनुलोमन पुरेसे होते. अश्वगंधादी बल्य द्रव्ये व्यायामाचा पर्याय नव्हेत, हे रुग्णेस स्पष्ट सांगावे.

इंजेक्शन सुरू करणे, थांबविणे वा मात्रा बदलणे हे तज्ज्ञांचे काम. आपण त्यांना चिठ्ठी लिहून उठबस चाचणीचे निष्कर्ष कळवावेत. मधुमेहाच्या इतर गोळ्या वा इन्शुलिन चालू असल्यास व्यायामाने शर्करा एकदम उतरू शकते. पोटात तीव्र व पाठीकडे जाणारा शूल, सतत छर्दी किंवा कामला दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. स्वादुपिंडशोथ व पित्ताश्मरी यांची शक्यता असते. गर्भधारणेत ही औषधे वर्ज्य. सेमाग्लुटाइड तर नियोजित गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपॅटाइड सुरू करताना व प्रत्येक मात्रावृद्धीनंतर चार आठवडे संततिनियमनाच्या गोळीवर विसंबू नये.

९. उपसंहार

आरंभी उल्लेखिलेल्या भगिनीचे उद्वर्तन व उपवास मी बंद केले, तज्ज्ञांशी बोललो. त्यांनी मात्रा काही काळ वाढविली नाही. वरणाची वाटी परत आली, रोज दोन अंडी सुरू झाली. पहिल्या दिवशी पाच उठबशींना १९ सेकंद लागले होते, तेही हाताचा आधार घेऊन. सोळा आठवड्यांनी आधाराविना ११ सेकंद लागले. या काळात वजन एका किलोने वाढले व ती हिरमुसली. तेव्हा तिला टेप दाखविली. कमरेचा घेर घटला होता, पोटरीचा वाढला होता. एका रुग्णेच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणतो. परंतु तो अनुभव वरील पुराव्याच्या दिशेनेच आहे. आता ती जमिनीवर बसून पोळ्या लाटते आणि उठताना कुणाचा हात मागत नाही.

कृश करणे सोपे झाले आहे. बलवान ठेवणे मात्र कोणत्याही पेनात भरून मिळत नाही. ते काम रुग्णेच्या घराजवळ बसणाऱ्या, तिची सासू, तिची चूल आणि तिची ऐपत जाणणाऱ्या वैद्याचेच आहे. आपण सर्वांनी वजनकाट्याशेजारी एक खुर्ची ठेवावी, ही नम्र विनंती.

स्वाध्याय

१. व्यायाम व उपवास ही दोन्ही लंघने असता मांसधातूवरील त्यांच्या परिणामांतील भेद स्पष्ट करा.
२. वजन न घटता उठबस चाचणी सुधारल्यास रुग्णेस आपण काय सांगाल?
३. आपल्या चिकित्सालयातील चाळिशीवरील पाच स्त्रियांची उठबस चाचणी व पोटरीचा घेर नोंदवा आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजा.

इत्यलम्।